वाकलेली मांडी आणि घासलेला खुबा

मी धुळ्यात एक्सरे टेक्निशियन आहे, अठरा वर्षं झाली. डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो, नंतर गोळीचं नाव मला विचारायचं नाही. पण हाडांचे फोटो (आमच्याकडे एक्सरे कोणी म्हणत नाही, फोटोच म्हणतात) इतके काढलेत की रस्त्यावर माणूस चालताना बघितला तरी डोळा आधी खुब्याकडे जातो. आणि तरीही माझ्याच घरात मला वेळेवर दिसलं नाही, म्हणून पॅजेट नावाच्या हाडाच्या आजारावर हे लिहायला घेतलंय.

माझे आप्पामामा पारोळा तालुक्यातले, वय आता बहात्तर, जन्मभर कपाशी आणि बाजरी. दोन वर्षांपूर्वी आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला) आईला घेऊन तिच्या माहेरी गेलो होतो. ऊन असं की ओट्यावर पाय टेकवत नव्हता, आत घरात आमरस, सांजोऱ्या, सगळं नेहमीसारखं, आणि घागरीपुढे आगारी (पितरांच्या नावानं निखाऱ्यावर घास) टाकायला मामा पाटावर बसायला गेले तर बसताच येईना. डावा पाय दुमडेचना. शेवटी भिंतीला टेकून, पाय लांब सोडून कशीबशी आगारी टाकली. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाचा, मना पाय आखूड व्हई गया. धोतर एक बाजूनं जमीनले लागस."

मी हसलो होतो. आता त्याचं वाईट वाटतं, कारण त्या एका वाक्यात अर्धं निदान होतं.

त्याआधी आठ महिने ते एका दवाखान्यात जात होते. तिथं खुब्याचा एक फोटो काढला, खुबा घासलाय, वय झालं, असं सांगितलं आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या. खुबा घासला होता हे खरंच होतं, चुकीचं काही सांगितलं नाही. पण फोटो फक्त खुब्याचा होता. मांडीचं हाड त्या फोटोत वरचं चार बोटं दिसत होतं आणि खेळ सगळा त्याच्या खाली चालला होता.

मी त्यांना आमच्याकडे आणलं. टेबलावर झोपवून पाय सरळ करायला मांडीवर हात ठेवला तर डावी मांडी उजवीपेक्षा गरम लागली, चांगलीच. ताप नाही, सूज नाही, फोड नाही, नुसती गरम. आणि पाय कितीही सरळ केला तरी मांडी पुढं आणि बाहेरच्या बाजूला फुगल्यासारखी वाटायची. चौदा बाय सतरा इंची प्लेटवर मांडी एका दमात मावत नाही, म्हणून वरचा अर्धा, खालचा अर्धा असे दोन, आणि आडवे दोन असे चार फोटो काढले. स्क्रीनवर पहिला आला तेव्हाच कळलं की हे नेहमीचं नाही. हाडाची भिंत जाडजूड, हाडाच्या आतली जी बारीक नाजूक वीण असते ती जाड्याभरड्या खादीसारखी, आणि हाड बाहेरच्या अंगाला वाकलेलं. त्या वाकाच्या बाहेरच्या कडेवर, उसाच्या कांड्यावर नखानं ओरखडे काढावेत तशा तीन-चार आडव्या बारीक रेघा. त्या रेघांचं नंतर सांगतो, त्या महत्त्वाच्या आहेत.

आमच्या रेडिओलॉजिस्ट सरांनी रिपोर्टमध्ये लिहिलं: पॅजेट.

आता हे पॅजेट म्हणजे काय. हाड म्हणजे दगड नाही, ते जिवंत असतं आणि आयुष्यभर त्याची डागडुजी चालू असते. मोठ्या माणसाच्या शरीरातलं साधारण दहा टक्के हाड दरवर्षी नवं होतं. त्यासाठी दोन टोळ्या कामाला असतात, एक जुनं हाड खरवडून काढणारी आणि दुसरी तिथं नवं भरणारी. गावाकडे मातीची भिंत जशी जिथं पोपडा सुटला तिथं आधी खरवडायची आणि मग नवा गिलावा द्यायचा, तसंच. दोघांचा मेळ बसलेला असतो म्हणून हाडाचा आकार वर्षानुवर्षं तोच राहतो. पॅजेटमध्ये खरवडणारी टोळी बेफाम सुटते. या पेशी मुळातच मोठ्या, एकेका पेशीत चार-दोन नाही तर पाच-दहा केंद्रकं असतात, पण पॅजेटमध्ये एकेका पेशीत शंभरापर्यंत केंद्रकं मोजलेली आहेत. त्या हाड भराभर पोखरत जातात, आणि मागून येणारे गवंडी, बिचारे, खड्डे बुजवायच्या घाईत वीट आडवी-उभी कशीही बसवतात. भरपूर हाड तयार होतं पण त्याला शिस्त नसते. म्हणून पॅजेटचं हाड दिसायला जाड, मोठं आणि ताकदीला कच्चं. लोकांना हे पटत नाही, जाड म्हणजे मजबूत असंच डोक्यात असतं. आणि एवढं बांधकाम चालू म्हणजे माल आणायला रक्त लागणार, हाडात रक्ताचा पुरवठा वाढतो, म्हणून मांडी गरम. मामी त्या गरम मांडीला रोज रात्री वरून विटेचा शेक द्यायच्या, असो.

कच्चं हाड आणि वरून शरीराचं वजन, त्यात मांडीचं हाड म्हणजे सगळ्यात जास्त भार घेणारं. मग ते हळूहळू वाकतं. पोखरण्याची कड हाडातून पुढं सरकते ती वर्षाला साधारण एक सेंटिमीटर, म्हणजे हे प्रकरण वर्षानुवर्षं आत चाललेलं असतं आणि माणसाला पत्ता नसतो. खूप जणांना तर जन्मभर त्रासच होत नाही, दुसऱ्याच कशासाठी फोटो काढला आणि सापडलं असं होतं. चाळीशीच्या आत हा आजार जवळजवळ नाहीच, पंचावन्न-साठच्या पुढे जास्त. जास्त करून कंबरेचा पिंजरा, मणका, मांडी, नडगी आणि कवटी इथं बसतो. एका हाडातून दुसऱ्या हाडात उडी मारत नाही, संसर्गजन्य नाही, कॅन्सर नाही. ज्या हाडात आहे त्यात आहे.

नाव एका इंग्रज सर्जनचं, सर जेम्स पॅजेट. लंडनच्या या माणसानं १८७६ मध्ये डॉक्टरांच्या सभेत एका पेशंटची हकीकत सांगितली आणि १८७७ मध्ये ती छापून आली. त्या पेशंटला सेहेचाळीसाव्या वर्षी पाय दुखायला लागले, मग पाय वाकत गेले, उंची कमी झाली, आणि डोकं वाढत गेलं, म्हणजे कवटीचं हाड वाढल्यामुळं त्याला टोप्या मोठ्या-मोठ्या घ्याव्या लागल्या. पॅजेटनं त्याच्यावर वीसेक वर्षं लक्ष ठेवलं. मला ही टोपीची गोष्ट फार आवडते, कारण रोग कपड्यात आधी दिसला. तिकडं टोपी, इकडं धोतर. मी मामांना विचारलं पण होतं, गांधी टोपी घट्ट होते का म्हणून, तर म्हणाले टोपी नही, डोकं तुना प्रश्नासनी तापस. कवटीत नव्हतंच त्यांच्या. असतं तर कधीकधी ऐकू कमी येतं, डोकं दुखतं.

एक सूचना, नेटवर पॅजेट शोधलं तर स्तनाच्या पॅजेट नावाच्या आजाराची माहिती आधी येते आणि तो कॅन्सर असतो. मामेबहीण ते वाचून रात्रभर रडली. माणूस तोच, आजार पूर्ण वेगळा, काही संबंध नाही. हाडाचा पॅजेट असंच शोधायचं.

हा मुळात विलायतेचा आजार, इंग्लंडात लँकशायरच्या भागात सगळ्यात जास्त नोंदला गेलाय, तिथून लोक गेले त्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्येही. आपल्याकडे दुर्मिळ, आणि भारतातल्या ज्या नोंदी आहेत त्यातल्या बऱ्याचशा दक्षिणेकडच्या. काही घराण्यांत चालत येतो, त्यासाठी एका जीनमधला बिघाडही सापडलाय. दुर्मिळ असल्यामुळेच आपल्याकडे पहिल्या फोटोत कुणाच्या डोक्यात येत नाही, त्या डॉक्टरांना मी फार दोष देत नाही. माझा राग फक्त मांडी अर्धी कापलेल्या त्या फोटोवर आहे.

आता खुब्याकडे येऊ. खुबा म्हणजे गोळा आणि वाटी. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोळ्यासारखं, ते कंबरेच्या हाडातल्या वाटीत फिरतं, आणि दोघांवर कुर्चेचा गुळगुळीत थर, ज्याला लोक गादी म्हणतात. गादी झिजली की हाडाला हाड लागतं, त्याला आपण झीज म्हणू. संधिवात म्हटलं की लोक आमवातात गल्लत करतात, आमवातात शरीर स्वतःच सांध्यावर हल्ला करतं, बोटं सुजतात, ते वेगळं. इथं झीजच आहे, पण ती नुसती वयाची नाही.

मग पॅजेटमध्ये गादी का झिजते? दोन कारणं आणि दोन्ही एकत्र चालतात. पहिलं, गादीच्या खालचं हाडच बदललेलं असतं. चांगलं हाड भार आला की किंचित दबतं, गादीला धक्का कमी बसतो. पॅजेटचं हाड कुठं टणक, कुठं पोकळ, कुठं फुगलेलं. गादी चांगली पण खालची खाट खड्ड्याखड्ड्याची असली की गादी फाटणारच. दुसरं कारण वाक. बैलगाडीचा आस वाकला की एक चाक घासत जातं, वंगण कितीही घाला. मांडी वाकली की गोळा वाटीत सरळ बसत नाही, भार एकाच जागी पडतो, शिवाय पाय आखूड होतो म्हणून माणूस कंबर झुकवून चालतो, आणि त्यात दुसरा खुबा, गुडघा, कंबर सगळेच ओढले जातात. वाटीच्या बाजूच्या हाडात पॅजेट असेल तर अजून वेगळं होतं, ते हाड मऊ पडतं आणि गोळा वाटीसकट हळूहळू आत, पोटाच्या दिशेनं रुतत जातो. फोटो बघणाऱ्याला इथं एक खूण मिळते. नेहमीच्या वयाच्या झिजेत सांध्याची फट बहुतेक वेळा वरच्या बाजूनं कमी होते, पॅजेटच्या खुब्यात ती आतल्या बाजूनं किंवा चहूकडून सारखी कमी झालेली दिसते.

आता मुद्द्याचं. अशा माणसाचा खुबा दुखतो तेव्हा ते दुखणं एक नसतं. तीन-चार दुखणी एकाच जागी येऊन बसलेली असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. मामांचे आठ महिने याच्यातच गेले.

एक दुखणं हाडाचं स्वतःचं. खोल, ठसठस, गरम, रात्री अंथरुणावर जास्त, बसलं तरी असतंच. मामा म्हणायचे मांडीत कोणी भट्टी लावली. दुसरं सांध्याचं. ते जांघेत, कधी पुढं मांडीवरून गुडघ्यापर्यंत उतरतं. बसून उठताना पहिली चार पावलं फार त्रास, मग जरा मोकळं, आणि जास्त चाललं की परत. आराम केला की कमी. मांडी घालून बसता न येणं, बूट-मोजा न घालता येणं, बैलगाडीत चढायला पाय न उचलणं, हे सगळं सांध्याचं. अजून एक, गुडघा दुखतो म्हणून गुडघ्याचे फोटो काढून घेणारे कितीतरी बघितलेत ज्यांचा गुडघा चांगला असतो, दुखतो खुबा, कळ गुडघ्यात. तिसरं दुखणं त्या रेघांचं. बाहेरच्या अंगाला बोट ठेवून दाखवता येईल अशी एक जागा, दाबलं की कळ, पाय टेकला की कळ. फांदी वाकवली की बाहेरची साल आधी तडकते ना, तसं वाकलेल्या हाडाची बाहेरची कड तडकत जाते. या बारीक चिरा वर्षानुवर्षं तशाच राहू शकतात, पण एखादी वाढत गेली तर एक दिवस बांधावरून उतरताना नुसता पाय मुरगळायचं निमित्त होतं आणि मांडीचं हाड काड्कन आडवं मोडतं. चौथं, कंबरेच्या मणक्यात नस दबली तरी मांडी दुखते, तेही तपासायलाच हवं.

म्हणून फोटो पूर्ण पाहिजे. कंबरेचा पिंजरा आणि दोन्ही खुबे एकात, आणि मांडी खुब्यापासून गुडघ्यापर्यंत, समोरून आणि बाजूनं. चिठ्ठीवर नुसतं हिप लिहिलेलं असलं तर डॉक्टरांना विचारा, मांडी पण काढायची का. विचारायला पैसे पडत नाहीत.

फोटोनंतर रक्त. अल्कलाइन फॉस्फटेज नावाची तपासणी, लॅबवाले एएलपी म्हणतात. गवंडी जितकं काम करतील तितकी ही वाढते. मामांची नेहमीच्या चौपट होती. पण ही लिव्हरच्या बिघाडातही वाढते, म्हणून लिव्हरची बाजू बघावी लागते. आणि आपल्याकडे याहून मोठी गंमत म्हणजे ड जीवनसत्त्व. एवढ्या उन्हाच्या देशात ड कमी, हे ऐकून लोक हसतात, पण हाडं मऊ पडण्याचा जो आजार ड कमी असल्यानं होतो त्यातही एएलपी वाढते, मांड्या-कंबर दुखते, चाल बदकासारखी होते, आणि फोटोत चिरा सुद्धा दिसतात. फरक असा की त्या चिरा मांडीच्या आतल्या बाजूला, खुब्याच्या मानेजवळ, आणि पॅजेटच्या बाहेरच्या कडेला. शिवाय पॅजेटमध्ये रक्तातलं कॅल्शियम आणि फॉस्फरस सहसा नॉर्मल येतं. आपल्या भागात हा ड वाला आजार पॅजेटपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून तो आधी खोडून काढायचा. म्हाताऱ्या पुरुषाच्या कंबरेची हाडं फोटोत पांढरीफेक दिसली तर प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात गेलाय का हेही बघतात, त्यासाठी पीएसए नावाची रक्ततपासणी. मामांचं ते नॉर्मल आलं तेव्हा घरात पहिल्यांदा चहा झाला. मग एकदा पूर्ण शरीराचा हाडांचा स्कॅन, कुठं कुठं आहे ते एका झटक्यात कळतं, तो नाशिकला केला.

आणि नंदुरबार, शिरपूर, साक्रीकडचा तरुण पोरगा खुबा दुखतो म्हणून आला तर पॅजेटचा विचार सोडा, सिकलसेल हा रक्ताचा आजार बघा. सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. त्यात विळ्यासारख्या पेशी बारीक नसा बुजवतात, खुब्याच्या गोळ्याचं रक्त तुटतं, गोळा मरतो आणि बसतो, पंचविशीत साठीचा खुबा. दारूनं आणि स्टेरॉइडनंही हेच होतं. बाजारात सांधेदुखीच्या ज्या पुड्या मिळतात ना, घेतली की दोन दिवसांत माणूस पळायला लागतो, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. मामांच्या उशाखालीही एक पुडी सापडली होती. मामींनी ती चुलीत टाकली आणि मामा तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

इलाजात पहिलं औषध म्हणजे खरवडणाऱ्या टोळीला आवर घालणारं. झोलेड्रोनिक ॲसिड, ५ मिलिग्रॅम, सलाईनमधून एकदाच, किमान पंधरा मिनिटं लावून देतात. एका डोसाचा परिणाम खूपदा वर्षानुवर्षं टिकतो. गोळ्याही आहेत, रायसेड्रोनेट ३० मिलिग्रॅम रोज दोन महिने, पण त्या उपाशीपोटी घेऊन अर्धा तास ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही, ते आपल्या लोकांना जमत नाही. सलाईनच्या आधी किडनीची तपासणी पाहिजेच, आणि ड व कॅल्शियम भरून घ्यायचं, नाहीतर हाड एकदम रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि माणसाच्या हातापायाला मुंग्या, पेटके. दात काढायचा असेल तर तोही आधी काढून घ्यायचा, कारण क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. पहिल्या डोसानंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येते, मामांना आली, त्यांनी मला फोनवर शिव्या दिल्या, तिसऱ्या दिवशी शेतात गेले.

दीड-दोन महिन्यांत रात्रीची भट्टी विझली. एएलपी खाली आली. मांडी थंड झाली. आणि जांघेतलं दुखणं होतं तसंच्या तसं राहिलं.

इथंच लोकांचा हिरमोड होतो, म्हणून नीट सांगतो. हे औषध हाडाचं दुखणं थांबवतं. वाकलेलं हाड सरळ करत नाही, झिजलेली गादी परत आणत नाही. इंग्लंडमध्ये याच्यावर मोठा अभ्यास झाला, १३२४ पेशंट, त्यात अर्ध्यांना दुखो न दुखो, एएलपी नॉर्मल ठेवायलाच औषध देत राहिले आणि बाकीच्यांना फक्त दुखलं तर. २०१० मध्ये निकाल आला, हाडं मोडण्यात किंवा सांधे बदलायच्या ऑपरेशनमध्ये दोन्हीकडं फरक दिसला नाही. म्हणजे रिपोर्टमधल्या आकड्याच्या मागं लागून सलाईनवर सलाईन लावण्यात अर्थ नाही. उलट औषधानं जे दुखणं जातं ते हाडाचं आणि जे उरतं ते सांध्याचं, अशी आपोआप वाटणी होते, हाच मला त्याचा निम्मा फायदा वाटतो.

तरी शंका असेल तर अजून एक युक्ती आहे. खुब्याच्या सांध्यात सोनोग्राफी किंवा एक्सरे बघत भूल द्यायचं औषध सोडतात आणि पेशंटला चालायला लावतात. दुखणं तासा-दोन तासांसाठी गेलं तर गुन्हेगार सांधा, नाही गेलं तर दुसरीकडे शोधा. मामांना दिलं तेव्हा ते हॉस्पिटलच्या जिन्यावरून दोनदा चढले-उतरले, तिसऱ्यांदा मामींनी धरून बसवलं.

ऑपरेशनच्या आधी जे करायचं ते साधंच आहे आणि तेच लोक करत नाहीत. काठी. खुबा डावा दुखत असेल तर काठी उजव्या हातात. दहातले आठ जण दुखत्या बाजूलाच धरतात. एका पायावर उभं राहिलं की त्या खुब्यावर शरीराच्या अडीच-तीन पट भार येतो, कारण कंबर पडू नये म्हणून बाजूचे स्नायू जोरात ओढतात, पलीकडच्या हातात काठी असली की त्या स्नायूंचं काम ती करते. आखूड पायाच्या चपलेला उंची, पण मोजून, अंदाजानं नाही. खाली बसायचं बंद, कमोड किंवा खुर्ची. वजन कमी. दुखण्याच्या गोळ्या विचारून, विशेषतः आपल्या उन्हाळ्यात, घामानं माणूस सुकलेला आणि वरून रोज पेनकिलर म्हणजे किडनी गेली. आणि मांडी हाडवैद्याकडून चोळून घेणं, ओढून सरळ करून घेणं बिलकुल नाही. त्या बाहेरच्या चिरांवर कोणी गुडघा ठेवून ओढलं तर काय होईल ते सांगायची गरज नाही.

एवढं करूनही जगणं अवघड झालं तर खुबा बदलायचा, आणि पॅजेटच्या माणसातही ते ऑपरेशन चांगलं चालतं, सिमेंटवालं असो की बिनसिमेंटचं. फक्त सर्जनला नेहमीसारखं सोपं नसतं. मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवतात, तो सरळ आणि हाड वाकडं, नीट मोजलं नाही तर दांडा भिंत फोडून बाहेर येऊ शकतो. वाक फार आणि वरच असेल तर हाड कापून सरळ करावं लागतं, तो वेगळा पसारा. हाड कुठं इतकं टणक की हत्यार सरकत नाही. रक्तस्राव जास्त, म्हणून रक्त तयार ठेवतात, आणि बरेच सर्जन आधी झोलेड्रोनिक देऊन हाड शांत करून घेतात. त्यामुळं रक्त कमीच जातं याचा पुरावा अगदी भक्कम नाही, पण गरम हाडात सुरी घालायला कोणालाच आवडत नाही. ऑपरेशननंतर सांध्याभोवतीच्या स्नायूंत भलतंच हाड उगवायची शक्यताही या लोकांत जास्त, त्यासाठी काही दिवस गोळ्या किंवा एखादा रेडिएशनचा डोस देतात. सर्जनला भेटायला जाताना पूर्ण मांडीचे फोटो, जुने-नवे सगळे, सोबत न्या. दांडा किती लांबीचा लागेल ते त्या फोटोवरच ठरतं.

एक भीती सगळ्यांना असते, कॅन्सर होतो का. पॅजेटच्या हाडात सार्कोमा नावाचा कॅन्सर होऊ शकतो पण शंभरात एकालाही नाही. शांत असलेलं दुखणं अचानक वाढायला लागलं, रात्रंदिवस थांबेना, गाठ किंवा सूज दिसायला लागली, तर मात्र वाट बघत बसायचं नाही, त्याच आठवड्यात फोटो.

मामांचा वाक मांडीच्या मध्यापासून खाली होता, त्यामुळं आखूड दांडा वापरून काम भागलं, हाड कापावं लागलं नाही. रक्ताच्या दोन बाटल्या लागल्या. दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभे, दीड महिन्यानं काठीवर, सहा महिन्यांनी बांधापर्यंत. जांघेतलं दुखणं गेलं. मांडी वाकडीच आहे आणि पायही दोन सेंटिमीटर आखूड आहे, ते राहणार, सर्जननी आधीच सांगितलं होतं. पारोळ्यात एका चांभारदादांनी डाव्या चपलेला थर चढवून दिलाय, मापाची चिठ्ठी मी दिली होती.

या आखाजीला आगारी स्टुलावर बसून टाकली, खालून मामेभावानं निखाऱ्याचं ताट धरलं. चपला उंबऱ्याबाहेर. घागरीपुढून मामा उठले तेव्हा धोतराची डावी कड पुन्हा शेणानं सारवलेल्या जमिनीला लागली, मामींनी मागून येऊन ती उचलून कमरेला खोचली आणि म्हणाल्या, आता जेवाले चला.